संगणक-समूहातील फाईल-स्थितीच्या अतिरिक्त चौकश्या : निदान आणि उपाय

१. प्रश्नाचे स्वरूप

अनेक संगणक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच मोठे गणनकार्य करवून घेण्याची पद्धती महाराष्ट्रातील संशोधनाला आता नवी राहिलेली नाही. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा समांतर संगणक सिद्ध केला. २००७ मध्ये पुण्याच्याच 'एका' या संगणकाने जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या सूचीत चौथे स्थान मिळविले. आणि २०१८ मध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'प्रत्यूष' कार्यान्वित झाला. अशा मोठ्या यंत्रांपासून तो एखाद्या विभागातील आठदहा संगणकांच्या लहानशा समूहापर्यंत सर्वत्र एक गोष्ट समान आढळते. गणन करणारे संगणक पुष्कळ असतात, परंतु फाईली सांभाळणारे सर्व्हर मात्र मोजके असतात.

या विषमतेतून एक विशिष्ट प्रकारचा बिघाड उद्भवतो. समूह एकाएकी मंदावतो. साधी यादी मागविली तरी ती पडद्यावर येण्यास अर्धे मिनिट लागते. व्यवस्थापक तपासू लागतो तेव्हा त्याला विलक्षण दृश्य दिसते. प्रक्रियक बहुतांशी रिकामे आहेत, तबकड्यांवर लेखन-वाचन फारसे चाललेले नाही, जाळ्यावरून वाहणारी माहितीही थोडीच आहे. आणि तरीही यंत्राचा 'भार' म्हणून दाखविला जाणारा आकडा सतत वाढत आहे. या विसंगतीचा उलगडा कठीण नाही. लिनक्समध्ये तबकडीच्या किंवा जाळ्यावरील फाईल-सर्व्हरच्या उत्तराची अखंड प्रतीक्षा करीत थांबलेल्या प्रक्रियाही भाराच्या आकड्यात धरल्या जातात. म्हणजे यंत्र राबत नसून वाट पाहत असते. ती वाट पुष्कळदा फाईलमधील मजकुराची नसते, 'ही फाईल आहे काय, केवढी आहे, केव्हा बदलली' एवढ्याच चौकशीच्या उत्तराची असते.

या अवस्थेत अधिक तबकड्या किंवा अधिक वेगवान जाळे खरेदी करण्याचा मोह होतो. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या विभागाला हा मोह महाग पडतो, कारण खर्च होऊनही मंदता जात नाही. प्रस्तुत लेखात या चौकश्यांचे मूळ, त्यांच्या निदानाचा क्रम आणि उपायांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

२. 'स्टॅट' ही चौकशी

युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या मार्गदर्शिकेतच 'स्टॅट' नावाचा सिस्टिम कॉल आढळतो. फाईलचा मजकूर आणि फाईलविषयीची माहिती यांचा भेद त्याच्या मुळाशी आहे. फाईलचा आकार, मालक, वाचनलेखनाचे अधिकार आणि शेवटच्या बदलाची वेळ ही सर्व माहिती 'आयनोड' नामक नोंदीत असते. 'स्टॅट' ती नोंद वाचून कार्यक्रमाच्या हाती देतो. मजकुराला तो स्पर्शही करीत नाही.

एकाच संगणकावर ही नोंद बहुधा स्मृतीत तयार असते आणि तिच्यासाठी एखाद्या मायक्रोसेकंदाइतकाच वेळ लागतो. त्यामुळे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना स्टॅट फुकट मिळणारी वस्तू वाटू लागली व तिचा वापर सढळ हाताने होऊ लागला. 'फाईल असेल तर वाच, नसेल तर पुढील ठिकाणी शोध' ही रचना असंख्य कार्यक्रमांत रूढ झाली आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये 'एनएफएस' ही जाळ्यावरील फाईल-व्यवस्था आणली, तेव्हा तिचे वैशिष्ट्यच असे होते की दूरच्या सर्व्हरवरील फाईल कार्यक्रमाला घरच्याच फाईलसारखी दिसावी. दिसण्यातील हे साम्य सोयीचे असले तरी वेळेच्या दृष्टीने ते फसवे आहे. घरच्या चौकशीला जेथे एक मायक्रोसेकंद पुरे होतो, तेथे जाळ्यावरून जाऊन येण्यास शंभर-दोनशे मायक्रोसेकंद लागतात, आणि सर्व्हरसमोर रांग असल्यास याहून कितीतरी अधिक.

समांतर गणनासाठी वापरल्या जाणाऱ्या 'लस्टर' व्यवस्थेत हा प्रश्न आणखी एका अंगाने तीव्र होतो. तेथे फाईलचे नाव व अधिकार एका प्रकारच्या सर्व्हरवर, तर प्रत्यक्ष मजकूर दुसऱ्या प्रकारच्या अनेक सर्व्हरांवर पट्ट्या पाडून ठेवलेला असतो. फाईलचा नेमका आकार मजकूर सांभाळणाऱ्या सर्व्हरांनाच ठाऊक असल्यामुळे पुष्कळ पट्ट्यांत विभागलेल्या फाईलची एक चौकशी अनेक सर्व्हरांना विचारावी लागते. म्हणूनच नुसती नावांची यादी लवकर येते आणि आकारासह मागितलेली यादी रेंगाळते. नावांना प्रकारानुसार रंग देणारी यादीही याच वर्गात मोडते, कारण रंग ठरविण्यासाठी प्रत्येक फाईलची चौकशी करावी लागू शकते.

३. उत्तरे जवळ ठेवण्याची युक्ती

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात जाम हे गाव आहे. नागपूरहून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येथे फुटतात. अशा चौकात मार्गदर्शक फलक नसता आणि वाट सांगणारा एकच मनुष्य उभा असता, तर प्रत्येक गाडी त्याच्यापाशी थांबली असती. गाड्यांतील माल कितीही थोडा असला तरी रांग लांबली असती, कारण ती मालामुळे नव्हे तर प्रश्नामुळे लागलेली असती. रस्ता रुंद करून ती हटली नसती. फलक लावून हटली असती. परंतु फलकाबरोबर एक जबाबदारीही येते. रस्ता वळविला आणि फलक मात्र तसाच राहिला, तर त्यावर विश्वासणारी प्रत्येक गाडी चुकीच्या दिशेने जाते.

संगणकातील 'कॅश' हा असाच फलक होय. लिनक्समधील एनएफएस फाईलच्या स्थितीविषयीचे उत्तर एकदा मिळाले की ते काही काळ स्वतःपाशी ठेवते. सामान्य मांडणीत फाईलसाठी ही मुदत ३ सेकंदांपासून सुरू होते आणि फाईल बदललेली नाही असे दिसत गेल्यास वाढत वाढत ६० सेकंदांपर्यंत जाते. डिरेक्टरीसाठी ती ३० ते ६० सेकंद असते. 'अशी फाईल अस्तित्वात नाही' हे नकारात्मक उत्तरही याच रीतीने जपले जाते. याखेरीज फाईल उघडताना मात्र तिची स्थिती सर्व्हरकडे पडताळण्याचा नियम आहे. एका संगणकाने लिहून बंद केलेली फाईल दुसऱ्याने नंतर उघडली असता तिच्यातील नवा मजकूर दिसावा, हा त्यामागील हेतू आहे.

यावरून असे दिसून येईल की कार्यक्रमाने केलेल्या चौकश्या आणि सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या चौकश्या या दोन भिन्न संख्या आहेत. निदानाची सर्व पद्धती या भेदावर उभी आहे.

४. चौकश्यांची उगमस्थाने

अतिरिक्त चौकश्यांची कारणे वरकरणी अनेक दिसली तरी त्यांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग शोधाचा. पायथॉनमधील कार्यक्रम एखादे मोड्यूल मागतो तेव्हा शोधमार्गातील डिरेक्टऱ्या एकामागून एक तपासल्या जातात. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून डिरेक्टरीतील नावांची यादी स्मृतीत ठेवण्याची सोय झाली आणि पूर्वीच्या चौकश्या पुष्कळ घटल्या. तथापि यादी जुनी झाली नाही ना, हे पाहण्यासाठी डिरेक्टरीची चौकशी राहतेच. कार्यक्रम सुरू होताना लागणारी सामायिक ग्रंथालये शोधतानाही असेच घडते. शोधमार्गात वीस डिरेक्टऱ्या असतील आणि ग्रंथालय शेवटच्या डिरेक्टरीत असेल, तर एकोणीस निष्फळ प्रयत्नांनंतर ते सापडते.

दुसरा वर्ग ताजेपणाच्या पडताळणीचा. पीएचपीची अनुवादित कार्यक्रम जपणारी व्यवस्था मूळ फाईल बदलली की काय हे सामान्य मांडणीत दर दोन सेकंदांनी पाहते. अपाची वेब-सर्व्हरला स्थानिक नियमांची फाईल मानण्याची मुभा दिली, तर तो प्रत्येक मागणीच्या वेळी मार्गातील प्रत्येक डिरेक्टरीत ती फाईल शोधतो. ग्नू ग्रंथालयातील स्थानिक वेळ काढणारे कार्य, कालक्षेत्राचा चल निश्चित केलेला नसल्यास, कालक्षेत्राची फाईल बदलली काय याची पुनःपुन्हा चौकशी करते. तबकडीरहित संगणकात मूळ फाईल-व्यवस्थाच जाळ्यावर असते. अशा ठिकाणी वेळेची नोंद करणारी साधी ओळही सर्व्हरच्या भारात भर घालू शकते.

तिसरा वर्ग प्रतीक्षेचा. एका गणनाचा निकाल तयार झाला म्हणजे एक खूण-फाईल निर्माण करावयाची आणि पुढील गणनाने ती फाईल येईपर्यंत सारखे डोकवावयाचे, ही रीत संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत वारंवार आढळते. एका प्रक्रियेने असे डोकावण्याने काही बिघडत नाही; शेकडो प्रक्रियांनी सेकंदातून दहा वेळा डोकावल्यास सर्व्हरला दुसरे काम उरत नाही.

चौथा वर्ग देखरेखीचा. साठा किती उरला, जोडलेली फाईल-व्यवस्था जिवंत आहे काय, कोणत्या फाईली नव्या आहेत, हे पाहणारे कार्यक्रम प्रत्येक संगणकावर बसविलेले असतात. सर्वांचे घड्याळ अचूक जुळविलेले असल्यामुळे ते सर्व मिनिटाच्या पहिल्याच क्षणी सर्व्हरकडे धाव घेतात. फाईलींच्या नावांची सूची रोज रात्री नव्याने करणारा कार्यक्रम जाळ्यावरील फाईल-व्यवस्था वगळण्यास विसरला, तर समूहातील प्रत्येक संगणक तेच लक्षावधी आयनोड स्वतंत्रपणे चाळत बसतो.

५. निदानाचा क्रम

निदानाची पहिली पायरी म्हणजे सर्व्हरपाशी कोणत्या मागण्या येत आहेत, हे मोजणे. 'एनएफएसस्टॅट' हे साधन मागण्यांचे प्रकारवार आकडे देते. हे आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे एकत्रित असल्यामुळे एका वाचनावरून काही सिद्ध होत नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोन वाचने घेऊन वजाबाकी करावी. वाचन व लेखन यांच्या तुलनेत 'गेटअ‍ॅटर', 'लुकअप' आणि 'अ‍ॅक्सेस' या मागण्या अनेक पटींनी अधिक आढळल्या, तर प्रश्न मजकुराचा नसून चौकशीचा आहे हे निश्चित होते. 'गेटअ‍ॅटर'चे आधिक्य पडताळणी किंवा प्रतीक्षा सुचविते, तर 'लुकअप'चे आधिक्य नावांचा शोध सुचविते. लस्टरमध्ये प्रत्येक कामाचा क्रमांक सर्व्हरच्या नोंदीशी जोडण्याची सोय असून तिच्या योगे कोणत्या कामाने किती चौकश्या केल्या हे सरळ वाचता येते.

दुसरी पायरी काळाची. मागण्यांचा आलेख अखंड उंच आहे, दर मिनिटाला टोक काढतो, की मोठे काम सुरू होतानाच उसळतो, हे पाहावे. अखंड उंची प्रतीक्षेकडे, नियमित टोके देखरेखीकडे आणि आरंभीची उसळी शोधाकडे बोट दाखविते.

तिसरी पायरी म्हणजे दोषी संगणकावरील प्रक्रियेचे निरीक्षण. 'एसट्रेस' हे साधन प्रक्रियेने केलेल्या सिस्टिम कॉलांचा गोषवारा देते. येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. हे साधन प्रक्रियेला स्वतःच मंद करीत असल्याने ते थोडे सेकंदच चालवावे. शिवाय स्टॅट ही चौकशी गोषवाऱ्यात निरनिराळ्या नावांनी दिसते; नव्या ग्रंथालयांत ती 'न्यूएफस्टॅटॅट' किंवा, लिनक्समध्ये २०१७ पासून आलेल्या, 'स्टॅटएक्स' या नावाने नोंदली जाते. केवळ जुने नाव शोधणाऱ्यास चौकश्या झाल्याच नाहीत असा भ्रम होईल. गोषवाऱ्यातील अपयशांचा स्तंभही विशेष बोलका असतो. बहुतेक चौकश्या 'फाईल नाही' या उत्तराने संपत असतील, तर शोधमार्ग सदोष आहे.

चौथी आणि निर्णायक पायरी म्हणजे दोन संख्यांची तुलना. प्रक्रियांनी केलेल्या चौकश्या लक्षावधी आणि सर्व्हरकडे गेलेल्या काही हजार, असे असेल तर कॅश आपले काम करीत आहे व मंदतेचे कारण अन्यत्र शोधावे. दोन्ही संख्या जवळजवळ समान असतील तर कॅश निकामी झाला आहे, किंवा कोणीतरी तो हेतुपुरस्सर बंद केला आहे.

६. संख्यांचे एक उदाहरण

या तुलनेचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समूहात ४८ संगणक असून प्रत्येकावर ४० प्रक्रिया चालतात असे समजू. एकूण प्रक्रिया १,९२० होतात. प्रत्येक प्रक्रिया आरंभी २०० मोड्यूल मागते आणि प्रत्येकासाठी सरासरी १० ठिकाणी चौकशी करते असे धरले, तर एकूण चौकश्या ३८,४०,००० होतात. सर्व्हर सेकंदास २०,००० चौकश्यांना उत्तर देत असेल, तर केवळ आरंभालाच १९२ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक काळ लागेल.

परंतु कॅश एका संगणकावरील सर्व प्रक्रियांना सामायिक असतो. तो नीट चालत असेल, तर एका संगणकावरील ४० प्रक्रियांपैकी पहिल्या प्रक्रियेच्या चौकश्या सर्व्हरकडे जातील आणि उरलेल्यांना घरीच उत्तर मिळेल. तसे झाल्यास सर्व्हरकडे पोहोचणाऱ्या चौकश्या ९६,००० आणि लागणारा वेळ सुमारे ५ सेकंद. प्रत्यक्षात सर्व प्रक्रिया एकदमच सुरू होत असल्यामुळे खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी राहतो. मोड्यूलांचा संपूर्ण संच एका संकुचित प्रतिमा-फाईलमध्ये बांधून ती प्रत्येक संगणकावर जोडल्यास संचाच्या अंतर्गत चौकश्यांची उत्तरे ती प्रतिमाच देते. सर्व्हरकडे केवळ तिच्यातील मजकुराचे वाचन जाते.

७. उपायाने वाढणारा रोग

कॅश कोणी हेतुपुरस्सर बंद का करील, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. याचे उत्तर बहुधा प्रतीक्षेच्या वर्गात सापडते. एक संगणक खूण-फाईल निर्माण करतो, परंतु दुसऱ्याने ती नसल्याचे उत्तर आधीच जपून ठेवलेले असते. डिरेक्टरीच्या नोंदीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे प्रसंगी एक मिनिटपर्यंत, त्याला ती फाईल दिसत नाही. गणन अडते किंवा चुकीच्या संदेशाने थांबते. तक्रार आल्यावर 'नोएसी' हा पर्याय देऊन स्थितीचा कॅश पूर्णपणे बंद केला जातो. फाईल तत्काळ दिसू लागते आणि सर्वांचे समाधान होते. मात्र त्या क्षणापासून त्या फाईल-व्यवस्थेवरील प्रत्येक स्टॅट सर्व्हरकडे जाऊ लागतो. एवढेच नव्हे तर या पर्यायाने लेखनही समकालिक होते व तेही मंदावते. समूह लहान असेतोवर हे जाणवत नाही. कामे वाढल्यावर काही महिन्यांनी मंदता प्रकट होते, आणि तोपर्यंत तिचे मूळ कोणाच्या स्मरणातही उरलेले नसते.

या अडचणीवर नेमका इलाज उपलब्ध आहे. 'लुकअपकॅश' या पर्यायाने केवळ नकारात्मक उत्तरांवर विसंबू नये, असे सांगता येते. अस्तित्वात असलेल्या फाईलींची उत्तरे पूर्ववत जपली जातात. त्याहूनही बरा मार्ग म्हणजे खूण-फाईलची रीतच सोडणे. 'स्लर्म'सारखे कार्यनियोजक एक काम यशस्वी झाल्यावरच दुसरे सुरू करण्याची सोय देतात. डोकावणे अपरिहार्यच असेल, तर ते एकाच प्रक्रियेने करावे, दर खेपेस मधले अंतर वाढवीत न्यावे आणि मिळालेले उत्तर इतर प्रक्रियांना संदेशाने कळवावे. फाईल बदलल्याची सूचना देणारी लिनक्समधील 'आयनोटिफाय' ही सोय येथे पुरत नाही, कारण दुसऱ्या संगणकाने सर्व्हरवर केलेला बदल तिला कळत नाही.

इतर वर्गांवरील उपाय तुलनेने सरळ आहेत. शोधमार्ग आखूड करावा आणि सर्वाधिक लागणारी डिरेक्टरी अग्रभागी ठेवावी. अपाचीतील नियम मध्यवर्ती मांडणीत लिहून स्थानिक नियमांची मुभा काढून घ्यावी. देखरेखीच्या कार्यक्रमांच्या वेळा संगणकागणिक विखुराव्या, आणि जी माहिती सर्व्हर स्वतः देऊ शकतो ती प्रत्येक संगणकाकडून विचारू नये. लस्टरमध्ये लहान फाईली एकाच पट्टीत ठेवाव्या. अंदाजी आकार पुरेसा असेल तेथे २.१२ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली, नावांच्या सर्व्हरवरच जपलेली आकाराची नोंद वापरावी. कालक्षेत्राचा चल निश्चित केल्यास वेळेच्या चौकश्या थांबतात. उन्हाळी वेळ पाळली जात नसलेल्या भारतासारख्या देशात यातून सहसा हानी संभवत नाही.

तथापि प्रत्येक उपायाचे मूल्य तपासूनच तो योजावा. पीएचपीची पडताळणी बंद केली, तर कार्यक्रमाची नवी आवृत्ती बसविल्यानंतर सेवा पुन्हा भारित करणे बंधनकारक होते. ते विसरल्यास जुनाच कार्यक्रम चालत राहतो आणि तसा काही दोषसंदेशही मिळत नाही. कॅशची मुदत १० मिनिटांपर्यंत वाढविणे ग्रंथालयांच्या फाईलींना योग्य ठरेल, कारण त्या क्वचितच बदलतात. निकालांच्या फाईलींना तीच मुदत लावल्यास एखादा संशोधक अर्धवट निकालावरून निष्कर्ष काढण्याचा धोका आहे. म्हणून या दोन प्रकारच्या फाईली भिन्न फाईल-व्यवस्थांवर ठेवून प्रत्येकीस वेगळी मुदत देणे श्रेयस्कर होय.

८. निष्कर्ष

स्थितीच्या चौकश्यांचा अतिरेक हा यंत्राच्या दुर्बलतेपेक्षा गृहीतकांच्या विसंगतीचा परिणाम आहे. एकट्या संगणकासाठी लिहिलेला कार्यक्रम चौकशी फुकट आहे असे मानतो. समूहात मात्र तिचे मोल सर्वांनी मिळून चुकवावयाचे असते. किती चौकश्या टाळाव्या हे अंती एका प्रश्नावर ठरते : अमुक माहिती किती काळ जुनी असलेली चालेल? हा प्रश्न यंत्राचा नसून संशोधनाचा आहे, आणि त्याचे उत्तर व्यवस्थापकाला एकट्याने देता येत नाही. फाईली वापरणाऱ्या संशोधकाने ते प्रत्येक फाईल-संचासाठी स्पष्ट सांगितले, तर मुदती ठरविणे हे उरलेले काम सोपे आहे. ते सांगितले नाही, तर व्यवस्थापकापुढे दोनच मार्ग राहतात : सर्वांना मंद पण ताजे उत्तर देणे, किंवा सर्वांना जलद पण शिळे उत्तर देणे.